ॲक्रिलिकच्या पेनाला आरशासारखी झिलई कशी आणायची

आकार मनासारखा आला, पटाशी खाली ठेवली, लेथ (पेन फिरवत कातायचं यंत्र) थांबवला आणि बघितलं तर पेन धुक्यात बसलेलं. ज्या मोरपंखी लाटेसाठी हा ब्लँक (ज्यातून पेन कातायचं तो ॲक्रिलिकचा तुकडा) निवडला होता, ती कुठे दिसतच नाही. आता बोट ओलं करून त्यावर फिरवा. क्षणभर सगळे रंग उजळतात, आतली खोली दिसते. पाणी वाळलं की परत धुकं. ओल्या बोटाखाली जे दिसलं ते कोरड्या पेनावर कायमचं आणायचं, एवढंच आपलं काम.

नवशिक्याची धाव इथून थेट पॉलिशच्या बाटलीकडे असते. माझीही होती. पहिलं पेन मी रात्री पूर्ण केलं. दोनचार कागद भराभर मारले, पॉलिश चोळलं, ट्यूबलाइटखाली ते लखलखलं आणि मी खूश होऊन झोपलो. सकाळी उन्हात धरलं तर पेनभर गोल गोल चरे, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे. त्यावर पुन्हा अर्धा तास पॉलिश घोटलं. चरेही चमकायला लागले, बाकी काही नाही. ते चरे पहिल्या कागदाने पाडलेले होते आणि मी ते तसेच ठेवून पुढे गेलो होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा पहिल्या कागदाला दिली आहे. पॉलिशच्या वाट्याला थोडीशीच येईल.

चमक येते कुठून

लाकडाच्या पेनावर लॅकरचा किंवा सुपरग्लूचा थर चढवतात आणि चमकतो तो थर. ॲक्रिलिकवर असं काही चढवायचं नसतं. तो पदार्थच घासून, घोटून चमकवायचा. याचा फायदा असा की सोलून निघेल असं त्यावर काही नसतं. तोटा असा की झाकायलाही काही नसतं. जो चरा तुम्ही ठेवाल, तो पेन असेपर्यंत राहील.

पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर प्रकाश एका दिशेने परततो आणि आरसा दिसतो. चरे असतील तर तो दहा दिशांना फुटतो आणि आपल्याला पांढुरकं धुकं दिसतं. ओल्या बोटाची जादू यातलीच आहे. हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) १, पाण्याचा १.३३ आणि ॲक्रिलिकचा १.४९. चऱ्यांत हवेऐवजी पाणी भरलं की दोन्हींतला फरक कमी होतो, प्रकाश कमी फुटतो आणि चरे लपतात. लपतात, जात नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तपासणी करताना हेच पाणी तुम्हाला फसवणार आहे.

थोडा हिशेब. पी-मालिकेतल्या (नंबराआधी P छापलेल्या) ४०० नंबरच्या कागदावरचा कण सरासरी ३५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, ६०० चा सुमारे २६, १००० चा १८ आणि २००० चा १०. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे २००० नंबर मारूनही चरे प्रकाशाच्या मानाने भलतेच मोठे असतात. तिथे पेन रेशमी दिसतं, आरसा होत नाही. त्यासाठी आणखी खाली जावं लागतं.

पटाशी खाली ठेवण्याआधी

घासायचं काम कमी करायचं असेल तर कातकाम नीट व्हायला हवं. ॲक्रिलिक ठिसूळ असतं. पटाशीला धार असेल तर कीस लांब, सलग फितीसारखा निघतो. (ही फीत फिरत्या ब्लँकला गुंडाळते. ती काढायला लेथ बंद करा, चालू असताना बोटं घालू नका.) कीस तुटायला लागला, टिकल्या उडायला लागल्या, आवाज खरखरीत झाला की धार गेली म्हणून समजा. पॉलिएस्टर रेझिनचे ब्लँक तर याहून नाजूक असतात. घासण्या-घोटण्याची पद्धत मात्र त्यांनाही हीच चालते.

टिकली उडालेल्या जागी खड्डा राहतो. तो कागदाने जात नाही. म्हणजे जातो, पण खड्ड्याच्या तळापर्यंत सगळं पेन उतरवावं लागतं आणि तोवर पेनाचा काटा होतो. शेवटचे दोन हात पटाशीला नवी धार देऊन, अगदी हलके मारा. मग लेथ थांबवून नख आडवं फिरवा. नख जिथे अडतं तिथे अजून पटाशीचंच काम बाकी आहे.

व्यास मोजा. किटचं पेन (धातूचे तयार भाग आणि आत चिकटवायची पितळी नळी घेऊन केलेलं) असेल तर धातूच्या भागाशी जुळणाऱ्या मापापेक्षा साधारण ०.१ मिलिमीटर जास्त ठेवा. पहिल्या कागदापासून शेवटपर्यंत तेवढं सहज झिजतं. मापाला बरोबर कातून मग घासलं तर निबाच्या बाजूला धातूची कड वर राहते आणि लिहिताना बोटाला टोचते.

मांडामांड

घासण्याआधी लोखंडी बुशिंग (कातताना माप दाखवायला ब्लँकच्या दोन्ही टोकांना लावलेल्या कड्या) काढून टाका आणि पेनाची नळी दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या शंकूंत धरा. कागद बुशिंगला लागला की लोखंडाचा काळा गाळ तयार होतो आणि पांढऱ्या किंवा फिक्या ॲक्रिलिकच्या कडांमध्ये जाऊन बसतो. शिवाय घासून घासून बुशिंगचंच माप बदलतं आणि पुढची सगळी पेनं चुकतात. पहिलं पेन चमकलेलं बघायची मला इतकी घाई होती की ते काढायची आठवणही राहिली नाही. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग, माझ्या पेनाला बुशिंग.

मँड्रेल (ब्लँक ओवून धरायची सळई) वापरत असाल तर नट फार आवळू नका. सळई किंचित वाकते, ब्लँक गोल न फिरता डुलतो आणि कागद एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी लागतो. एका बाजूचे चरे गेले आणि दुसऱ्या बाजूचे जसेच्या तसे, असं दिसलं तर आधी नट तपासा.

घासायचं ते पाण्याने. कोरडं घासलं तर भुकटी उडते, कागद भरतो आणि गरमी होते. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. कागद त्यात दहा मिनिटं भिजवून ठेवा. रंगकाम करणारे ज्याला वॉटरपेपर म्हणतात तो काळा कागद हवा. लाकडाचा पिवळा कागद पाण्यात विरघळतो. लेथच्या बेडवर प्लास्टिक पसरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज चढलेला असतो. पाणी आणि वीज शेजारी शेजारी असल्यामुळे अर्थ-लीकेज ब्रेकर (वीज गळली की प्रवाह तोडणारा) असलेल्या जोडणीवरच काम करा, हात ओले असताना स्विच दाबू नका आणि मोटरकडे पाणी उडू देऊ नका. थेंब थेंब पुरतं, धार नको.

फिरत्या पेनाला कापड लावू नका. कापड गुंडाळलं जातं आणि बोट सोबत नेतं. पुसायला कागदी टॉवेलच घ्या, कारण तो फाटतो. बाह्या वर, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. कातकाम कोरडंच होतं, त्यामुळे तिथे मास्कही लावा.

पहिला कागद

कोणत्या नंबरने सुरुवात करायची ते पटाशीने किती स्वच्छ काम केलंय यावर ठरतं. नख कुठेच अडत नसेल तर ६००. पटाशीच्या रेघा डोळ्यांना दिसतात पण नखाला लागत नाहीत, तर ४००. त्याहून खडबडीत असेल तर ३२० घेण्यापेक्षा मी परत पटाशी उचलतो. कागदाने आकार सुधारायला गेलं की सरळ रेषा लाटांसारखी होते.

दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापा. लेथचा वेग मिनिटाला ६०० ते ८०० फेरे ठेवा. कातताना दोन-तीन हजार ठेवला असेल, तो इथे उपयोगाचा नाही. पट्टी पेनाच्या खालच्या बाजूने लावा, म्हणजे कागद निसटला तर तो तुमच्यापासून दूर जाईल. पट्टीची टोकं बोटांना गुंडाळू नका. आता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, पाच-सहा सेकंदांत, सावकाश आणि न थांबता जा. एकाच जागी कागद धरून ठेवला की तिथे खोबण पडते.

दाब किती? पेन अंगावर ओढल्यासारखं वाटलं तर जास्त झाला. ॲक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं. हा आकडा मोठा वाटतो, पण ॲक्रिलिक उष्णता फार हळू वाहून नेतं, त्यामुळे घासण्याची सगळी गरमी वरच्या पापुद्र्यात साठून राहते. आतली पितळी नळी चिकटवलेला गोंदही गरमीने सुटू शकतो. लेथ थांबवून बोट लावा. कोमट लागलं तरी थांबा आणि पाणी टाका.

थोड्याच वेळात दुधासारखा पांढरा गाळ वाहायला लागतो. तो दाट झाला की कागद कापत नाही, नुसता सरकतो. पुसा, कागद वाटीत खळबळून घ्या, परत लावा.

आता लेथ बंद करा. आत्तापर्यंतचे सगळे चरे पेनाभोवती गोल गेलेत. तोच कागद, तोच नंबर, पण आता लांबीच्या दिशेने घासायचं. एका हाताने पेन थोडं थोडं फिरवत, दुसऱ्या हाताने टोकापासून टोकापर्यंत सरळ. पेनाच्या सगळ्या अंगांनी. गोल चरे पुसून त्यांच्या जागी उभे आले पाहिजेत. बरेच जण हे टाळतात, कारण लेथ असताना हाताने कशाला, असं वाटतं. ग्रामोफोनची तबकडी तिथेच तयार होते.

मग पेन स्वच्छ पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. ओलं पेन खोटं बोलतं, हे वर पाहिलंच. टेबललॅम्प बाजूला, खाली ठेवा, म्हणजे प्रकाश पेनावर तिरपा पडेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावा. नीट झालेल्या पेनावर काय दिसतं सांगतो. सगळीकडे एकसारख्या, बारीक, उभ्या रेघा, पेरलेल्या शेतासारख्या. त्या असायलाच हव्यात, त्या या कागदाच्या आहेत. पण त्यांना आडवी छेदत जाणारी एखादी रेघ दिसली, बाकीच्यांपेक्षा खोल, कडा पांढऱ्या, तर ती पटाशीची आहे. ती आज गेली नाही तर सगळ्यात शेवटच्या, १२००० नंबरलाही जाणार नाही. उलट आजूबाजूचं चमकत जाईल तशी ती जास्त उठून दिसेल.

भिंगावर भरवसा नसेल तर एक युक्ती करा. पाण्याच्या शाईचं गडद रंगाचं स्केचपेन कोरड्या पेनावर फिरवा आणि लगेच कागदी टॉवेलने हलकं पुसा. खोल चऱ्यात शाई अडकून राहते आणि चोर पकडला जातो. फिक्या रंगाच्या पेनावर हे फार छान दिसतं. गडद पेनावर पांढऱ्या खडूची पूड बोटाने चोळून तेच काम होतं.

रेघ सापडली तर पुढच्या नंबराला जायचं नाही. हाच कागद परत लेथवर, मग परत उभं घासणं, परत कोरडं, परत भिंग. मला साधारण तीन-चार फेऱ्या लागतात. दहा मिनिटं जातात, कधी पंधरा. पुढचे सगळे कागद मिळून एवढा वेळ घेत नाहीत.

जिथे रेघ आहे तेवढीच जागा घासायचा मोह होतो. ती घासली की तिथे खळगा पडतो. चमक आल्यावर त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं दिसतं. घासायचं तर पूर्ण लांबी.

टोकांपाशी जपून. मऊ बोटामागे कागद धरला की तो टोकावरून खाली वळतो आणि कड गोल होते. मग धातूच्या भागाशी सांधा जुळवताना बारीक फट दिसते. शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला कागदामागे खोडरबर किंवा सपाट लाकडाचा तुकडा धरा.

पुढचे कागद

६००, ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येकाचं काम एकच: मागच्याच्या रेघा घालवणं. लेथवर अर्धा मिनिट, बंद करून उभं घासणं, पुसणं, कोरडं बघणं. यात नवीन काही नाही, म्हणून लांबवत नाही. नंबर बदलताना वाटीतलं पाणी मात्र बदला. ४०० चा एक सुटा कण १५०० च्या पाण्यात राहिला की तो एकटा पेनभर गोल फिरून येतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोन नंबरांत उडी घ्यायची असेल तर दुपटीपर्यंत ठीक, त्याहून मोठी घेतली तर वाचवलेला वेळ पुढे व्याजासकट द्यावा लागतो.

मायक्रो-मेशचे नऊ पॅड

पेन करणाऱ्यांकडे हा संच बहुतेक असतोच. स्पंजच्या छोट्या चौकोनी गाद्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. नंबर असे: १५००, १८००, २४००, ३२००, ३६००, ४०००, ६०००, ८००० आणि १२०००.

इथे एक गफलत हमखास होते. मायक्रो-मेशचे नंबर त्यांचे स्वतःचे आहेत, वॉटरपेपरच्या नंबरांशी त्यांचा मेळ नाही. त्यांचा १५०० हा १५०० च्या वॉटरपेपरपेक्षा बराच खरखरीत असतो. म्हणून २००० च्या कागदापर्यंत घासून मग पहिला पॅड लावला की पेन सुधारण्याऐवजी बिघडतं आणि माणूस चक्रावतो. दोन मार्ग आहेत. एकतर ६०० च्या वॉटरपेपरनंतर थेट पॅडांवर या आणि नऊच्या नऊ क्रमाने वापरा. किंवा २००० पर्यंत कागद मारून पॅडांत मधूनच, ३६०० किंवा ४००० वर शिरा आणि भिंगाने खात्री करा. नव्या माणसाने पहिला मार्ग घ्यावा. वेळ जास्त जातो, पण डोकं चालवावं लागत नाही.

पॅड ओला असावा, पाणी गळणारा नसावा. दाब जवळजवळ शून्य. गादी मऊ असल्यामुळे ती पेनाचा आकार आपोआप धरते, दाबलं तर उलट कडा गोल करते. प्रत्येक पॅडनंतर लेथ थांबवून उभं घासणं इथेही आहेच. पॅड वापरला की वाहत्या पाण्यात दोन बोटांनी चोळून धुवा. माझ्या ८००० च्या पॅडमध्ये एकदा पितळेची बारीक चीप रुतून बसली होती. तीन पेनांवर एकाच जागी एकच रेघ येत होती आणि मी प्रत्येक वेळी ४०० पासून सुरुवात करत होतो. शेवटी पॅड उन्हात तिरपा धरला तेव्हा ती चमकली.

३६०० पर्यंत काही विशेष घडतंय असं वाटत नाही आणि धीर सुटायला लागतो. ४००० ला खिडकीची चौकट पेनावर अंधूक उमटते. ६००० ला तिच्या कडा धारदार होतात. १२००० झाल्यावर कोरड्या पेनात रंग ओल्या बोटाखाली होते तितकेच खोल दिसायला हवेत.

पॉलिश आणि बफ

शेवटच्या पॅडनंतर जे उरतं ते काम प्लास्टिक पॉलिशचं. यात अतिशय बारीक घर्षक असतो. कागदी टॉवेलच्या घडीवर वाटाण्याएवढं घ्या, लेथ बंद ठेवून आधी पेनभर पसरवा, मग मंद गतीने फिरवत घोटा. पॉलिश वाळत येईल तसा दाब कमी करा. नवी घडी घेऊन पुसा. नोव्हस या प्लास्टिक पॉलिशच्या तीन बाटल्या मिळाल्या तर नंबरांकडे नीट बघा. तिथे ३ नंबर मोठ्या ओरखड्यांसाठी, २ बारीक ओरखड्यांसाठी आणि १ फक्त स्वच्छता आणि चकाकीसाठी आहे. कागदाच्या सवयीने उलट क्रम लावणारे मी पाहिलेत.

बफचं चाक (घोटायचं फिरतं कापडी चाक) असेल तर काम झटपट होतं आणि बिघडतंही झटपट. शिवण नसलेलं, मऊ सुती चाक घ्या आणि प्लास्टिकसाठीचं कंपाउंड (चाकाला लावायचा घर्षक लेप) अगदी थोडं लावा. एका कंपाउंडच्या चाकाला दुसरं कंपाउंड कधी लावू नका. पेन चाकाच्या मध्यरेषेखाली धरा, सतत फिरवत राहा. चाकाची दिशा पेनाच्या कडेवरून बाहेर जाणारी हवी, कडेवर आदळणारी नको. कड चाकात अडकली की पेन हातातून हिसकावलं जातं आणि फरशीवर आपटतं. नळी एकटी बोटांत धरण्यापेक्षा आत लाकडी काडी घट्ट बसवून ती धरा. आणि दर काही सेकंदांनी गालाला लावून बघा. गाल गरमी बोटांच्या आधी ओळखतो.

मेणाची गरज नाही. कार्नौबा मेण लावलं की त्या क्षणी पेन झकास दिसतं, पण मेण चरे नुसते बुजवतं. हाताच्या घामाने आणि घासण्याने ते उतरलं की चरे परत हजर. मेण लावून जर चमक वाढली, तर याचा अर्थ आधीचं काम अर्धवट राहिलंय.

कशाने पुसू नये

गोंदाचा एक डाग काढायला मी एकदा पूर्ण चमकलेलं पेन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. हात दाखवून अवलक्षण. टोपणाच्या आट्यांपाशी केसासारख्या बारीक तडा उमटल्या, बाहेरून हाताला न लागणाऱ्या, पण उजेडात धरल्या की जाळं दिसायचं. ॲक्रिलिक कापताना, भोक पाडताना आणि तापताना आत ताण साठतो. अशा ताण असलेल्या जागी अल्कोहोल लागलं की तो ताण तडा होऊन बाहेर येतो. ॲसिटोन तर पृष्ठभागच विरघळवतं. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावणही तितकंच वाईट. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मायक्रोफायबरचं कापड, बस. या तडा घासून जात नाहीत, त्या आतवर असतात. ते टोपण मी नवीन केलं.

आटे आणि टोपणाची आतली बाजू

किट न वापरता स्वतः आटे पाडून फाउंटन पेन करणाऱ्यांसाठी थोडं. पॉलिश आट्यांत जाऊन वाळलं की पांढऱ्या रेषा दिसतात. घोटण्याआधी आट्यांना टेपची पट्टी गुंडाळा. तरी शिरलंच तर साबणाचं पाणी आणि मऊ टूथब्रश. आट्यांच्या शेवटची खाच दात कोरायच्या काडीने साफ होते. आटे स्वतः चमकवायच्या फंदात पडू नका, सैल होतात.

पारदर्शक टोपण असेल तर आतूनही घोटावं लागतं, नाहीतर बाहेरची सगळी मेहनत आतल्या धुक्यामागे लपते. लाकडी काडीच्या टोकाला खाच पाडून त्यात वॉटरपेपरची पट्टी अडकवा, मग कापूस आणि पॉलिश. लेथ मंद. आतल्या बाजूला ८०० नंतरची प्रगती डोळ्यांना कळत नाही, तिथे अंदाजानेच चालावं लागतं. किटच्या पेनात अर्धपारदर्शक ब्लँकमधून पितळी नळी दिसत असेल तर मात्र आता उपाय नाही. नळी चिकटवण्याआधी रंगवायची असते.

चमक आली नाही तर

आडवे गोल चरे: पहिल्या कागदाचे किंवा उभं न घासल्याचे. परत ६०० वर. एकसारखं धुकं, पण रेघ एकही नाही: मधला नंबर सुटला किंवा पॅड झिजलेत. ३६०० पासून परत या. एखाद्याच पट्ट्यात धुकं किंवा संत्र्याच्या सालीसारखे खवले: तिथे गरम झालं, वरचा पापुद्रा मऊ पडला. पाणी वाढवून ६०० पासून. पांढरे ठिपके: टिकल्या उडालेले खड्डे, ज्यात पॉलिश बसलंय. टूथब्रशने ते काढता येतं, खड्डा राहतो. माप शिल्लक असेल तर पटाशी घ्या.

परत मागे जायचं म्हटलं की जीवावर येतं. पण आता आकार हातात आहे, त्यामुळे दुसरी फेरी पहिलीच्या निम्म्या वेळात होते.

जोडणी करताना धातूचे भाग दाबून बसवायच्या प्रेसच्या जबड्यांना चामड्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा लावा. तासभर घोटलेलं पेन शेवटच्या दाबात ओरखडणं हे मी दोनदा केलंय. पेन सरळ धरा, तिरकं दाबलं तर टोकापाशी तडकतं.

वापरात पेनावर बारीक ओरखडे येणारच, खिशातल्या किल्ल्यांचे, टेबलाचे. त्यासाठी ते उघडावं लागत नाही. ६०००, ८०००, १२००० चे ओले पॅड हातानेच लांबीच्या दिशेने फिरवा, थोडं पॉलिश, कापड. निबाकडे पाणी जाऊ नये म्हणून तेवढी टेप लावा. पाच मिनिटांत खिडकीची चौकट परत पेनात दिसायला लागते.